प्रश्न क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस

शाखा डाकघर, ता. चोपडा
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय योगराज,
सप्रेम जयभीम.

काल सकाळी वंदना आटोपून सव्वाआठला थैली खांद्याला लावली आणि पहिलंच टपाल द्यायला रुपचंद आबांच्या केळीत गेलो. नातवाच्या कॉलेजकडून रजिस्टर पाकीट आलं होतं, सही हवी होती. केळीच्या कांदेबाग हंगामाची लागवड चालू आहे. जुन्या बागेतले कंद उकरून नव्या वावरात लावायचे, त्यामुळे बायका पहाटेपासून कामाला लागल्या होत्या. आबा चष्मा शोधत होते. मी बांधावर बसलो.

भागाबाई टिकावानं कंद काढत होती. एक तिला किडका वाटला म्हणून तिनं विळ्यानं उभा चिरला. मी वाकून पाहिलं. पन्नाशीला आलो, जन्म केळीच्या रानात गेला, पण चिरलेला कंद असा जवळून कधी पाहिला नव्हता. वर पानांचे देठ एकात एक गुंडाळलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. खाली पांढरा, घट्ट गोळा आणि त्याला बाजूनं डोळे.

मी विचारलं, "भागाबाई, हे खालचं काय?"

"खोड शे ना, नाना. वर शेतस ते बठ्ठा पानं." म्हणजे खोड खाली, वर नुसती पानं. पुन्हा टिकाव उचलता उचलता ती म्हणाली, "पुनमनी सांगेल व्हतं तुम्हले. तुम्हीच तिले खाले बसाडी दिन्हं."

रागानं नाही बोलली. ऊन वाढलंय म्हणावं तशी बोलली. मी सही घेतली आणि उठलो. त्यानंतरची दोन टपालं चुकीच्या घरी दिली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तुला २०१३ ची स्पर्धा आठवत असेलच. वाचनालयाच्या ओट्यावर शेवटची फेरी होती. तुझा भूषण आणि भागाबाईची पुनम बरोबरीत होते. मी प्रश्न वाचत होतो, घंटी माझ्यापुढे. बरोबरी तोडायला तू पाठवलेल्या बंद पाकिटातला राखीव प्रश्न काढला: पुढीलपैकी कोणत्या वनस्पतीचं खोड जमिनीखाली असतं? (अ) बटाटा, (ब) केळ, (क) ऊस, (ड) कापूस. दोघांनी पाट्या वर केल्या. भूषणच्या पाटीवर "बटाटा" होतं. पुनमच्या पाटीवर "बटाटा आणि केळ".

सगळा ओटा हसला. केळी पिकवणारं सगळं गाव होतं ते. कोणीतरी मागून ओरडलं, "मंग आम्ही काय पानं कापतस का?" पोरगी उभी राहून काहीतरी सांगू लागली. मी म्हणालो, "दोन उत्तरं म्हणजे शून्य. नियम आहे. बस खाली."

तू बी.एस्सी. झालेला, शाळेत विज्ञान शिकवतोस. मला एवढंच सांग, ती पोरगी बरोबर होती का?

प्रश्नांविषयी फोनवर बोलायचं नाही हा आपला नियम, म्हणून कागदावर विचारतो आहे.

तुझा,
पितांबर


धुळे
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय पितांबर,
जयभीम.

तुझं पत्र वाचून वाटलं, पोस्टमास्तरसाहेब दिवाळीआधीच हिशेब मिटवायला निघाले. अरे, बारा वर्षांपूर्वीची पाटी ती. तिच्यावरची अक्षरं त्याच दिवशी पुसली गेली.

विचारलंस म्हणून सांगतो. केळीच्या कंदाला शास्त्रात खोड म्हणतात, हे खरं. पण घड धरायची वेळ आली की त्याच कंदातून एक दांडा आतल्या आत वर चढतो आणि त्यालाच फूल लागतं. तोही खोडाचाच भाग. म्हणजे केळीचं खोड जमिनीखालीही आहे आणि वरही. बटाट्याबद्दल असा वाद नाही. चार पर्यायांत सर्वांत निर्विवाद उत्तर बटाटा, म्हणून उत्तरसूचीत बटाटा. शिवाय नियम आपणच केलेला, एक प्रश्न, एक उत्तर. परीक्षेत कायदा चालतो, करुणा नाही. तुझ्या विहारात उलटं चालत असेल, मला माहीत नाही.

आणखी एक. माझा पोरगा आजोबांकडे राहून तुमच्याच गावी शिकत होता आणि अर्धी प्रश्नपत्रिका मी काढत होतो. तरी त्याला एक प्रश्न कधी फोडला नाही. पाकिटाला लाख लावून पाठवायचो, लाख तूच तोडायचास. या स्पर्धेत मी काही कमावलं असेल तर ते एवढंच. त्यावर माती पडेल असं काही उकरू नकोस.

येत्या तीन जानेवारीला स्पर्धेचं पंचविसावं वर्ष. भूषण पुण्याहून प्रमुख पाहुणा म्हणून येणार हे ठरलेलं आहे. विजेत्यांचा फलक नव्यानं रंगवणार आहात म्हणे. छान.

सोबत विज्ञानाचे चाळीस प्रश्न. त्यातले बारा एककांचे. विजेचं युनिट हे शक्तीचं माप नाही, ऊर्जेचं आहे, हे या वर्षी तरी मुलांना कळू दे. गेल्या वर्षी निम्म्यांनी चुकवलं, आणि त्यात दीपनगरला नोकरी करणाऱ्याची पोरगीही होती. बाप रोज वीज बनवतो आणि लेकीला ती मोजता येत नाही. असो.

वहिनींना नमस्कार. दिवाळीला तुमच्याकडचे शेव-चिवडे पाठव, पार्सलचा खर्च तुझ्या खात्यावर.

तुझा,
योगराज


शाखा डाकघर, ता. चोपडा
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय योगराज,

शेव पाठवली आहे. खर्च माझाच, खात्याचा नाही.

प्रश्न मिळाले. पाकिटाची लाख शाबूत होती. पास्कलचा प्रश्न आवडला. पाचवीच्या मुलाला दाब कसा समजवायचा हा मला प्रश्नच होता. टाचणीचं टोक आणि अंगठा, हे उदाहरण चांगलं आहे.

आता तुझ्या दांड्याबद्दल. मी आबांच्या परवानगीनं दोन केळी चिरून पाहिल्या. एक घड लागलेली, एक तीन महिन्यांची. घड लागलेल्या केळीत तू म्हणतोस तसा दांडा आहे. तीन महिन्यांच्या केळीत वर नुसती पानंच आहेत, एकात एक. म्हणजे खोड सुरुवातीपासून खालीच असतं, वेळ आली की त्याचा एक फाटा वर येतो. तू सांगितलंस ते खरं, पण त्यानं पोरीचं उत्तर चूक ठरत नाही. मी काही शिकलेला माणूस नाही. माझी शाळा गावातली, पुढचं सगळं वाचनालयातलं. पण चिरून पाहिलेलं नाकारता येत नाही.

नियमाचं म्हणशील तर तो पाठ्यपुस्तकातला नव्हता, आपण दोघांनी माझ्या ओट्यावर चहा पिताना केलेला होता. एका प्रश्नाला एकच खरं उत्तर असेल तेव्हाच तो नियम नीट चालतो. प्रश्न आपला चुकला होता, शून्य तिला दिलं.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. लिहायची हिंमत झाली नाही.

त्या स्पर्धेनंतर आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं होतं. पत्ता: अध्यक्ष, सामान्य ज्ञान स्पर्धा समिती, वाचनालय. टपाल वाटणारा मी आणि समितीच्या कामाचं टपाल घेणाराही मीच. मी ते माझ्याच हातातून माझ्याच हातात दिलं. शाईचं पेन, रेघेवर रेघ. शब्द पाठ आहेत:

"मा. महोदय, माझे उत्तर बटाटा व केळ असे होते. केळीचे खोड जमिनीत असते, वर फक्त पाने असतात. माझी आई कंद लावते. कृपया खात्री करावी. उत्तराची वाट पाहते. पुनम, इयत्ता नववी."

मी ते कार्ड समितीपुढे ठेवलं नाही. वाटलं, लहान मुलीचं मन आहे, हरली म्हणून लिहिलं असेल, विसरून जाईल. बक्षीस वाटून झालं होतं, वर्तमानपत्रात भूषणचा फोटो आला होता. कार्ड मी घरी नेऊन भिंतीवरच्या एका तसबिरीच्या चौकटीमागे ठेवलं. ते अजून तिथंच आहे. लोकांचं टपाल एक दिवस उशिरा पोचलं तर मला जेवण जात नाही, आणि हे एक बारा वर्षं पोचलंच नाही.

रोज सकाळी मी पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी नेहमी समजत होतो की ते मी पाळतो, कारण मी काही खोटं बोललो नाही. मी फक्त उत्तर दिलं नाही. काल पहिल्यांदा ध्यानात आलं की दोन्हींत फार अंतर नाही.

पुनमला भेटायचं ठरवलं आहे. ती वरणगावकडे सासरी आहे, असं भागाबाई म्हणाली. रविवारी जातो.

तुझा,
पितांबर


शाखा डाकघर, ता. चोपडा
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय योगराज,

तुझं उत्तर आलं नाही. तू रागावला असशील. मी तुझ्याकडून लगेच काही मागत नाही, पण जे घडलं ते तुला कळवलं पाहिजे.

चोपड्याहून जळगाव, तिथून भुसावळ आणि पुढे वरणगाव, अशी एसटी बदलत गेलो. पुनम घरी होती. सव्वीस वर्षांची झाली आहे. मला पाहिल्यावर ओळखायला तिला क्षणभर लागला, मग म्हणाली, "नाना, आज रविवार. आज तर टपाल नसतं."

काय काम करते हे ऐकून मी खुर्चीत सरकून बसलो. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत आहे. केळीच्या कंदाचा शेंडा कापून काचेच्या बाटलीत वाढवतात, एकाची शेकडो रोपं करतात, ते काम. बी.एस्सी. करून तिथं लागली. म्हणाली, "मी रोज तेच खोड कापते, नाना. नखाएवढं. आईचा टिकाव, माझी सुरी." आणि हसली.

मी पोस्टकार्ड खिशातून काढून तिच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. क्षमा मागितली.

तिनं कार्ड वाचलं. "अक्षर बरं होतं माझं," एवढंच म्हणाली. मग, "मला वाटलेलं, पोचलंच नसेल."

मी म्हणालो, "फलक नव्यानं रंगतोय. तुझं नाव पहिलं लागेल. भूषणचं काढू."

"का काढायचं? बटाटा चूक आहे का?" ती म्हणाली. "त्याचं उत्तर बरोबरच होतं. माझं जरा जास्त बरोबर होतं."

चहा झाला. मला वाटलं, संपलं. निघताना तिनं विचारलं, "नाना, तो प्रश्न पुन्हा कधी विचारला का?"

योगराज, मला हो म्हणावं लागलं. २०१६ साली आपण अमळनेरच्या छापखान्यातून प्रश्नसंच छापून घेतला, पाचशे प्रश्नांचा. त्यात तो प्रश्न आहे. क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस, उत्तर बटाटा. चारशे प्रती मी माझ्या टपालाच्या तीन गावांत वाटल्या, शंभर तू धुळ्याला नेल्यास. आठ वर्षं मुलं तो पाठ करताहेत. केळीच्या रानातली मुलं.

"मग फलकाचं राहू द्या," पुनम म्हणाली. "ते पुस्तक दुरुस्त करा. फलक मी एकटी वाचणार, पुस्तक सगळी पोरं वाचतात."

येताना एसटीत पूर्ण रस्ताभर मी हेच घोळवत होतो. नवीन छापायला समितीकडे काही नाही, आणि नवी प्रत जुनीला घरातून हाकलत नाही, दोन्ही राहतात. मी ठरवलं आहे. रोज टपालाच्या फेरीत, ज्या घरी प्रश्नसंच असेल तिथं तो मागायचा, एकशे अठ्ठेचाळीस काढायचा आणि हातानं दुरुस्त करायचा. तांबड्या पेनानं. तीन जानेवारीच्या आत.

तुझ्या शंभर प्रतींचं काय करायचं, ते तू ठरव.

तुझा,
पितांबर


धुळे
९ डिसेंबर २०२४

प्रिय पितांबर,

तीन वेळा लिहायला बसलो. विज्ञानाच्या माणसाला एक वाक्य लिहायला पंधरा दिवस लागावेत ही शरमेची गोष्ट आहे.

मी रागावलो नव्हतो. मला तुझी भीती वाटत होती. तू एका पोस्टकार्डाबद्दल लिहिलंस आणि मला माझं आठवलं.

निकालानंतर भूषणला घेऊन मी धुळ्याला यायला निघालो. कप त्याच्या मांडीवर होता. अमळनेर सुटलं आणि तो म्हणाला, "आप्पा, ती बरोबर होती ना?" मी म्हणालो, "निकाल लागला." तो पुन्हा म्हणाला, "पण बरोबर होती ना?" मी खिडकीबाहेर पाहिलं. मला माहीत होतं, पितांबर. तुझं पत्र यायच्या बारा वर्षं आधीपासून. प्रश्न लिहिताना लक्षात आलं नव्हतं, पण तिनं पाटी वर केली त्या क्षणी आलं. मी ओट्यासमोर तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. उठून उभं राहायला काहीच लागलं नसतं. पण उठलो असतो तर लोक म्हणाले असते, बापानं पोराचा प्रश्न चुकीचा काढला. मी लाख लावलेल्या पाकिटाची अब्रू राखली आणि आतल्या खऱ्याची घालवली.

तू समजतोस तसा तो कप आमच्या शोकेसमध्ये नाही. भूषणनं तो कधी बाहेर मांडलाच नाही. त्या वर्षापासून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, त्याच्या आईच्या नऊवारीखाली. तिला वाटायचं पोरगा विनयशील आहे. मीही तिला तसंच वाटू दिलं.

काल त्याला फोन केला. प्रश्नांविषयी फोनवर बोलायचं नाही हा नियम मी मोडला, तुला आधीच सांगतो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पा, बारा वर्षांनी उत्तर दिलंत." प्रमुख पाहुणा म्हणून तो येणार नाही, प्रेक्षक म्हणून येणार आहे. पाहुणी पुनमला करा म्हणतो. फलकावर तिचं नाव त्याच्या वर असावं, हीही त्याची अट. वाद घालू नकोस, आईवर गेला आहे.

माझ्या शंभर प्रतींपैकी एकोणसाठ सापडल्या. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात चाळीस, बाकी मुलांच्या घरी. सगळ्या दुरुस्त केल्या. हेडमास्तरांनी विचारलं, "सर, तुमच्याच प्रश्नाला लाल शाई?" म्हटलं, "हो, पहिल्यांदाच तपासतोय." उरलेल्या एक्केचाळीस शोधतो आहे. दोन शिरपूरच्या एका शिकवणीत गेल्याचं कळलं, या आठवड्यात जातो.

आणि एक विनंती. तीन तारखेला पहिला प्रश्न तोच ठेव. पर्याय बदलू नकोस. फक्त "योग्य ते सर्व लिहा" असं कर. मी त्याच तिसऱ्या खुर्चीवर बसेन आणि उत्तर सांगायची वेळ आली की उठेन.

तुझा,
योगराज


शाखा डाकघर, ता. चोपडा
२ जानेवारी २०२५

प्रिय योगराज,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळाल्या दिवशी मी विहारात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. त्यावर आणखी काही लिहीत नाही. उद्या भेटणारच आहोत, तरी आतापर्यंतचं कळवतो. हे पत्र उद्या तुझ्या हातात मीच देईन, टपालाची वाट पाहायला वेळ नाही.

चारशेपैकी तीनशे सत्तेचाळीस प्रती सापडल्या. लोकांनी सुरुवातीला वेड्यात काढलं. बन्सीलाल वाण्यानं प्रश्नसंचाच्या पानांत शेंगदाणे बांधून विकले होते. त्याला विचारलं, एकशे अठ्ठेचाळीसचं पान कोणाला गेलं, तर म्हणाला, "नाना, ज्यानं खाल्लं त्याला विचारा." द्रौपदाबाईच्या घरी एक प्रत दाराच्या फटीत अडकवलेली निघाली, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. ती दुरुस्त करून परत दाराला लावली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विचारलं, काय बदललं. मी सांगितलं, केळीचं खोड जमिनीखाली असतं. बायका म्हणाल्या, "मंग? हाई ते ठाऊक शे." पुरुष मात्र वाद घालायला उभे राहिले. रुपचंद आबांनी तर पैज लावली. मी त्यांच्याच बागेतला कंद त्यांच्याच विळ्यानं चिरून दाखवला. बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "पंचेचाळीस वरीस मी पानंच कापी ऱ्हायनू का?"

फलक रंगून झाला. २०१३ पुढे दोन नावं आहेत, वर पुनम, खाली भूषण. रंगाऱ्यानं विचारलं, एका वर्षाला दोन नावं कशी बसवू. म्हटलं, अक्षरं बारीक काढ.

भागाबाईच्या घरची प्रत मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. काल दुपारी गेलो. तिनं कोनाड्यातून काढून दिली. मी पान उघडलं आणि तांबडं पेन बंद केलं. एकशे अठ्ठेचाळीसच्या उत्तरावर पेन्सिलनं एक बारीक रेघ होती आणि शेजारी लिहिलेलं, "अ व ब". पेन्सिल फिकी झाली आहे, पण वाचता येते. २०१६ मध्ये, प्रत मिळाली त्याच वर्षी केलं असणार. आपण दोघांनी तीनशे-चारशे घरं फिरून जे केलं, ते पुनमनं कोणाला न विचारता एका घरात आधीच करून ठेवलं होतं. म्हणजे "तो प्रश्न पुन्हा कधी विचारला का?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा उत्तर तिला ठाऊकच होतं.

त्या पानावर मी काही दुरुस्त केलं नाही. तिच्या अक्षराखाली "बरोबर" एवढं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. भागाबाईनं विचारलं, "काय लिखं, नाना?" वाचून दाखवलं. तिनं पुस्तक परत कोनाड्यात ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी घरी येऊन, वरणगावहून परत आणून पुन्हा चौकटीमागे ठेवलेलं तिचं पोस्टकार्ड काढलं. नवं कोरं कार्ड घेतलं आणि उत्तर लिहिलं. पत्ता पुनमचा, वरणगाव. ती उद्या इथंच असेल हे मला माहीत आहे. कार्ड पोचेपर्यंत ती घरी परतलेलीही असेल. पण पत्राचं उत्तर पत्रानंच द्यायचं असतं.

"आयुष्मती पुनम, तुमचे पत्र मिळाले. खात्री केली. तुमचे उत्तर बरोबर आहे. उत्तर द्यायला उशीर माझ्याकडून झाला. पितांबर, सामान्य ज्ञान स्पर्धा समिती."

आज सकाळी वंदना झाल्यावर डाकघर उघडलं. कार्डावर आजच्या तारखेचा शिक्का मारला, नीट उठला की नाही ते उजेडात धरून पाहिलं, आणि साडेनऊच्या थैलीत टाकलं. थैली गेली.

तुझा,
पितांबर